‘स्थानिक’ की ‘प्रदेशनिष्ठ’? एका सड्यावरील माहितीफलकांचे प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण कोकणात, किनाऱ्यापासून फार लांब नसलेल्या एका गावाच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा आहे. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत तो काळाकभिन्न आणि तापलेला असतो. मृगाच्या सरी पडल्या की आठ-दहा दिवसांत त्याच्या खळग्यांत पाणी साचते आणि बोटाच्या पेराएवढ्या मातीच्या थरातून गवत, गेंद, दवबिंदू, सीतेची आसवे अशा वनस्पती वर येतात. महसुली दप्तरात ही जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेली आहे. गावाच्या लेखी ती गुरे चारण्याची, गवत कापण्याची आणि दिवाळीनंतर क्रिकेटचे सामने भरवण्याची जागा आहे. गावाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

सड्यावर कातळशिल्पे असल्याचे समजल्यावर पाहुणे येऊ लागले. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी अपेक्षा असते. या गावची समिती तोवर कागदावरच होती. पाहुण्यांच्या निमित्ताने ती जागी झाली आणि चार माहितीफलक, एक घडीपत्रक व अद्ययावत नोंदवही अशी तीन कामे एकदम हाती घेण्यात आली. वनस्पतींचा मूळ मजकूर बाहेरगावच्या एका अभ्यासकाने इंग्रजीत तयार करून दिला, गावातील एका शिक्षिकेने तो मराठीत आणला, आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी तो माझ्याकडे आला. मी तो दोन दिवसांत तपासून परत पाठवला. या प्रकरणातील पहिली चूक तेथेच झाली आणि तिचा वाटेकरी मीही आहे.

अडचण कशी उघड झाली

मूळ इंग्रजी मजकुरात दोन वेगळे शब्द होते: एक ‘नेटिव्ह’ (मुळातच तेथील) आणि दुसरा ‘एंडेमिक’ (फक्त तेथेच आढळणारा). मराठीत दोन्हींसाठी ‘स्थानिक’ हा एकच शब्द आला होता. भाषांतर करणाऱ्या बाईंचा दोष म्हणावा असे त्यात काही नव्हते, कारण शब्दकोशात दोन्हींपुढे ‘स्थानिक’ सापडतो आणि वृत्तपत्रेही तो सर्रास वापरतात. मात्र या एका शब्दाचा तीन ठिकाणी तीन प्रकारे अर्थ लावला गेला.

पहिला अर्थ वाटाड्या मुलांनी लावला. दीपकाडी या कांद्यापासून उगवणाऱ्या रानफुलाच्या फलकावर ‘स्थानिक व दुर्मिळ वनस्पती’ असे शब्द होते, त्याचे पंधरा दिवसांत ‘जगात फक्त आमच्याच सड्यावर’ असे झाले. एका रविवारी वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. मुलाचे बोलणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग सांगितले, की हीच दीपकाडी त्यांनी मागच्या आठवड्यात पलीकडच्या तालुक्यातील सड्यावर पाहिली आहे. मुलगा ओशाळला. त्याहून गंमत अशी, की शेजारी गुरे राखणाऱ्या आजींना ‘दुर्मिळ’ हा शब्दच पटला नव्हता. पहिल्या पावसानंतर ही पांढरी फुले सड्यावर इतकी येतात की पाय कुठे ठेवावा असा प्रश्न पडतो, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते.

दुसरा अर्थ वनमहोत्सवाच्या वेळी लागला. ‘स्थानिक प्रजातींचे संवर्धन’ हे फलकावरील वाक्य वाचून एका उत्साही मंडळाने सड्यावर वड, पिंपळ आणि कडुनिंबाची रोपे लावायचे ठरवले. झाडे देशी, म्हणजे स्थानिक; जागा मोकळी पडलेली; पंचायतीची संमती आहे. चुन्याने चाळीस खुणा झाल्या आणि पहारीने सहा खड्डे खणलेही गेले.

तिसरा अर्थ नोंदवहीत शिरला. ‘स्थानिक’ या रकान्यात चिंच आणि काजू हे दोन्ही वृक्ष आले होते, आणि पक्ष्यांच्या यादीत महाधनेशापुढेही तीच खूण होती.

शब्दाचा मागोवा

फलक उतरवायचे की त्यावर चिकटपट्टी लावायची, हा वाद सुरू होण्याआधी शब्द मुळात काय सांगतो ते पाहणे आवश्यक होते. समितीच्या बैठकीत मी आणि ते प्राध्यापक यांनी मिळून हे काम केले. बैठक शाळेसमोरच्या चिंचेखाली झाली, याचा पुढे उपयोग झाला.

‘एंडेमिक’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला आहे: ‘एन’ म्हणजे आत आणि ‘डेमोस’ म्हणजे लोक किंवा जनपद. तो आधी वैद्यकात होता. एखाद्या भागात कायम वास करून असलेल्या रोगाला तो लावत. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ ओग्युस्तँ पिराम द कांदोल याने 1820 मध्ये वनस्पतींच्या भौगोलिक विभागणीविषयी लिहिताना तो वैद्यकाकडून उसना घेतला. उसना घेताना अर्थात एक अट वाढली, आणि सगळा घोळ त्या अटीपाशी आहे. मलेरिया एखाद्या जिल्ह्यात ‘एंडेमिक’ आहे असे डॉक्टर म्हणतात तेव्हा तो अन्यत्र नाही, असे त्यांना म्हणायचे नसते; तो आफ्रिकेतही असतो आणि ओडिशातही. वनस्पती किंवा प्राणी ‘एंडेमिक’ आहे असे म्हणताना मात्र ‘या प्रदेशाबाहेर नैसर्गिकरीत्या कोठेही नाही’ हाच अर्थाचा गाभा असतो. करोनाच्या काळात हा शब्द वैद्यकीय अर्थाने बातम्यांतून घरोघरी पोहोचला होता, त्यामुळे बैठकीतील एका सदस्याला ‘एंडेमिक’ वनस्पती म्हणजे सगळीकडे पसरून आता जाणार नाही अशी वनस्पती, असे वाटत होते. त्यांनी रानमोडीचे नाव घेतले. अमेरिकेतून आलेली आणि काजूच्या बागा गिळणारी रानमोडी ही नेमके उलट टोकाचे उदाहरण आहे.

मराठीत या संकल्पनेसाठी ‘प्रदेशनिष्ठ’ हा शब्द रूढ आहे. तो मला आवडतो, तरी त्यातही एक खोच आहे. ‘निष्ठा’ म्हटले की स्वखुशीने केलेली बांधिलकी डोळ्यांसमोर येते (बैठकीत लगेच पक्षनिष्ठेचा विषय निघाला आणि पाच मिनिटे वाया गेली). वनस्पतीला तसला पर्याय नसतो. विशिष्ट खडक, मातीचा पातळ थर, चार महिने पाणी आणि आठ महिने होरपळ, बी किती दूर जाऊ शकते, आणि आसपास तशीच दुसरी जागा आहे की नाही, या सगळ्यांनी मिळून ती बांधली जाते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हे विशेषण एकटे उभे राहू शकत नाही. ‘तो शेजारी आहे’ म्हटले की ‘कोणाचा?’ हे विचारावे लागते, तसेच ‘प्रदेशनिष्ठ’ म्हटले की ‘कोणत्या प्रदेशाला?’ हे विचारल्याखेरीज वाक्य पुरे होत नाही. शेकरू भारताला प्रदेशनिष्ठ आहे. महाराष्ट्राचा तो राज्यप्राणी असला तरी सातपुड्यात आणि पूर्व घाटातही तो राहतो, म्हणून महाराष्ट्राला प्रदेशनिष्ठ म्हणता येत नाही. मलबार राखी धनेश पश्चिम घाटाला प्रदेशनिष्ठ आहे. त्याचा मोठा भाऊ महाधनेश मात्र पश्चिम घाटापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आणि पुढे सुमात्रापर्यंत आढळतो. केरळ आणि अरुणाचल प्रदेश या दोन टोकांच्या राज्यांचा तो राज्यपक्षी आहे, एवढे सांगितले तरी पुरे व्हावे. तो कोकणचा मूळ रहिवासी आहे, पण कोकणचा एकट्याचा नाही.

नावांवरूनही फसगत होते. चिंचेच्या शास्त्रीय नावात ‘इंडिका’ आहे, पण तिचे मूळ उष्णकटिबंधीय आफ्रिकेत मानले जाते. हे वाक्य उच्चारले गेले तेव्हा सगळ्यांनी वर पाहिले. दवबिंदूच्या एका जातीच्या नावातही ‘इंडिका’ आहे आणि ती आफ्रिकेतही उगवते. काजू तर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलकडून आणला. त्यावर एक वयस्कर बागायतदार म्हणाले, “काजू स्थानिक नाही, तर मग आम्ही तरी कुठले?” प्रश्न हसण्यावारी गेला, पण त्यामागे एक खरी काळजी होती. ‘स्थानिक नाही’ असे नोंदवहीत लिहिले की उद्या कोणी त्यावरून अनुदान अडवेल, असे त्यांना वाटत होते. नोंदवहीचा तो रकाना जीवशास्त्रापुरता आहे आणि काजूच्या बागेच्या हक्काशी त्याचा संबंध नाही, हे सरपंचताईंनी इतिवृत्तात लिहून घेतले, तेव्हा ते निवांत झाले.

आणखी एक पेच प्राध्यापकांनी मांडला. प्रदेशनिष्ठता कोणत्या पातळीवर मोजायची? पुण्या-साताऱ्याकडच्या डोंगरकड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी ही मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावाने ‘फ्रेरिया’ या स्वतंत्र वंशात (‘जीनस’, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) ठेवली गेली होती. त्या वंशात ती एकटीच, म्हणून वंशच्या वंश महाराष्ट्राला प्रदेशनिष्ठ मानला जाई. पुढे अभ्यासकांनी तिला ‘बुसेरोशिया’ या वंशात हलवले, ज्यातील इतर जाती महाराष्ट्राबाहेरही आहेत. कड्यावरची वनस्पती एक तसूही हलली नाही, पण महाराष्ट्राच्या खात्यावरील एक प्रदेशनिष्ठ वंश कमी झाला. (येथे ‘जाती’ हा शब्द ‘स्पीशीज’ या अर्थाने वापरला आहे. बोलण्या-लिहिण्यात त्यासाठी ‘प्रजाती’ रुळला आहे, पण परिभाषेत तोच शब्द वरच्या पातळीलाही वापरलेला आढळतो. तो गुंता सोडवायला वेगळे प्रकरण लागेल.)

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता काहीही न करण्याचा. पाहुण्यांची सोय करणाऱ्या एका घरमालकांचा त्याला उघड पाठिंबा होता. ‘जगात फक्त इथेच’ या शब्दांनी माणसे येतात, आणि एका फुलासाठी कोण भांडायला येणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता. हा मुद्दा मी हलका मानत नाही, कारण फलकांचा खर्च त्याच पाहुण्यांच्या भरवशावर झाला होता. परंतु एका प्राध्यापकाने एका मिनिटात जे पाडले ते पुन्हा कोणीही पाडू शकत होते, आणि तसे झाले की फलकावरील खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

‘स्थानिक’ शब्द ठेवून खाली तळटीप द्यावी, ही सूचना सर्वांत स्वस्त होती. मला ती पसंत नव्हती. सड्यावर उभा असलेला माणूस तळटीप वाचत नाही.

‘एंडेमिक’ हाच शब्द देवनागरीत ठेवावा, असे तरुण सदस्यांचे मत होते, कारण छायाचित्रकार आणि ट्रेकर मंडळी तो वापरतात. पण वर सांगितलेला वैद्यकीय अर्थाचा गोंधळ त्याच बैठकीत झालेला होता, त्यामुळे हा पर्याय आपोआप मागे पडला.

राहिला ‘प्रदेशनिष्ठ’. तो नुसता वापरायचा, की पारिभाषिक शब्द टाळून सरळ वाक्यच लिहायचे, यावर बराच खल झाला. शिक्षिकाबाईंचा कल सरळ वाक्याकडे होता. “सर, सातवीच्या मुलाला वाचून कळेल असं लिहा,” असे त्या प्राध्यापकांना म्हणाल्या. प्राध्यापकांना संज्ञा हवी होती, कारण संज्ञा नसली तर नोंदवहीत शोध घेता येत नाही आणि दुसऱ्या गावच्या नोंदीशी तुलना करता येत नाही. दोघांचेही बरोबर होते. फलक आणि नोंदवही यांचे वाचक वेगळे आहेत, हे लक्षात येण्यास मात्र आम्हाला दीड तास लागला.

घेतलेले निर्णय आणि केलेली कामे

सर्वांत तातडीचे काम खड्ड्यांचे होते. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी सरपंचताईंनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. झाडे लावू नका, असे गावात कोणाला सांगणे सोपे नसते. ते पर्यावरणाच्या विरुद्ध बोलल्यासारखे वाटते. त्यांनी ते असे सांगितले: “दादा, झाडं देशी आहेत, कबूल. पण सड्यावर ती कधी नव्हती. तिथलं जे आहे त्याला ऊनच लागतं.” देशी असणे आणि त्या जागेचे असणे यांतील फरक याहून नेमका मला सांगता आला नसता. वडाची सावली आणि खड्ड्याची उपसलेली माती, दोन्ही दीपकाडीच्या कांद्याला मारक ठरतात. रोपे शाळेच्या वाटेवर आणि स्मशानभूमीच्या कुंपणालगत लावली गेली. सहा खड्डे त्याच मातीने भरले, पण त्या जागी पुढच्या पावसात गवताखेरीज काही उगवले नाही.

नोंदवहीसाठी रकाने वेगळे करण्यात आले. प्रत्येक जातीसाठी दोन प्रश्न ठेवले: ही येथे मुळातच आहे, की माणसाने आणली? आणि मुळातच असेल, तर आणखी कोठे कोठे आहे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून ‘देशी’ की ‘बाहेरून आलेली’ हे ठरते, दुसऱ्यातून ‘प्रदेशनिष्ठ’ आहे की नाही ते ठरते. ‘प्रदेशनिष्ठ’ या रकान्यात नुसती बरोबरची खूण करण्यास मनाई आहे. तेथे प्रदेशाचे नावच लिहावे लागते. ते लिहिता आले नाही तर रकाना रिकामा राहतो. ‘दुर्मिळ’ हा रकाना पूर्णपणे निराळा केला, कारण आजींचे म्हणणे खरे होते: एखादी वनस्पती जगाच्या नकाशावर एवढ्याशा पट्ट्यात असू शकते आणि त्या पट्ट्यात पायाखाली येईल इतकी विपुलही असू शकते. धोका तिच्या संख्येत नसून पट्ट्याच्या आकारात असतो. एक चिरेखाण निघाली तर सगळी विपुलता ट्रकमधून जाते.

प्रदेशाची सीमा कशी लिहायची, हाही निर्णय घ्यावा लागला. पहिल्या मसुद्यात कोणीतरी दीपकाडीपुढे ‘महाराष्ट्राला प्रदेशनिष्ठ’ असे लिहिले होते. प्राध्यापकांनी विचारले, “जांभा तर पुढे गोव्यातही जातो. तिथे पाहिलंत का?” पाहिले नव्हते. राज्याची सीमा खडकाला ठाऊक नसते, म्हणून शक्य तेथे ‘कोकणातील जांभे सडे’ किंवा ‘पश्चिम घाट’ असा नैसर्गिक प्रदेश लिहायचे ठरले, आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘आजवरच्या नोंदींनुसार’ हे शब्द जोडले. हे शब्द वकिली वाटतात अशी तक्रार आली, तेव्हा मी रानपिंगळ्याचे उदाहरण दिले. हे घुबड 1884 नंतर कोणाला दिसल्याची खात्रीशीर नोंद नव्हती. 1997 मध्ये ते नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडले आणि 2014 मध्ये थेट ठाणे जिल्ह्यातील तानसाच्या जंगलात नोंदले गेले. तोवर त्याला सातपुडा आणि मध्य भारत यांच्याशीच बांधणारी विधाने एका नोंदीने जुनी झाली. आपल्या फलकाचेही असे होऊ शकते, आणि तसे झाले तर ते चांगलेच.

फलकांसाठी वाक्य वेगळे लिहिले: ‘दीपकाडी ही कोकणातील जांभ्या सड्यांना प्रदेशनिष्ठ आहे, म्हणजे आजवरच्या नोंदींनुसार ती अशा सड्यांपलीकडे नैसर्गिकरीत्या आढळलेली नाही.’ संज्ञाही आली आणि तिचा अर्थही त्याच दमात आला.

फलित

एकतीस वनस्पतींच्या यादीत ‘स्थानिक’ म्हणून जाहिरात झालेल्या नऊ होत्या. तपासणीनंतर त्यांतील चारच ‘प्रदेशनिष्ठ’ या रकान्यात टिकल्या. दवबिंदू बाहेर पडला, आणि त्याचे वाटाड्या मुलांना सर्वांत वाईट वाटले, कारण किडे खाणारी वनस्पती म्हणून त्याच्यापाशी सर्वाधिक गर्दी होते. तो प्रदेशनिष्ठ नसला तरी किडे खाणे त्याने सोडलेले नाही, ही समजूत पुरेशी ठरली.

ज्या मुलाला प्राध्यापकांनी अडवले होते, त्याने स्वतःचे एक वाक्य तयार केले. तो आता सांगतो, “ही दीपकाडी कोकण सोडून कुठे जात नाही.” काटेकोर पाहिले तर त्यात ‘सड्यांना’ हा शब्द नाही आणि ‘नोंदींनुसार’ही नाही. तरी मी आणि प्राध्यापक दोघांनीही त्यात बदल सुचवला नाही. पाहुण्यांची संख्या घटली, असे घरमालकांना वाटले नाही. काजूवाले बागायतदार आजही मला भेटले की ‘आम्ही बाहेरचे’ असे मुद्दाम म्हणतात.

एक गोष्ट बिघडली. नव्या फलकाच्या पहिल्या पावसात, फलकाच्या बाणाने दाखवलेल्या जागेवरून काही कांदे कोणीतरी उकरून नेले. एवढ्याच पट्ट्यात मिळणारी वनस्पती म्हटले की ती घरच्या कुंडीत असावी असे वाटणारेही असतात.

वेगळे काय करता आले असते

मजकूर माझ्याकडे आला तेव्हा ‘स्थानिक’ हा शब्द त्यात चौदा वेळा होता. मी प्रत्येक ठिकाणी त्याचा ऱ्हस्व-दीर्घ पाहिला आणि पुढे गेलो. चौदांपैकी काही ठिकाणी तो वनस्पतीला, काही ठिकाणी ग्रामस्थांना आणि एका ठिकाणी बाजाराला लावलेला होता. एवढ्यावरून मूळ मजकूर मागवायला हवा होता. शुद्धलेखन एवढेच काम सांगितले होते, ही सबब खरी आहे, पण तेवढीच.

छपाईपूर्वी मजकूर गावात वाचून दाखवला असता, तर आजींनी ‘दुर्मिळ’ तेव्हाच खोडून काढले असते आणि बागायतदारांनी काजूचा प्रश्न तेव्हाच विचारला असता. तीन फलकांचा पुन्हा झालेला खर्च तरी वाचला असता. वनमहोत्सवाच्या मंडळाला फलक लिहिणाऱ्यांनी आधी विचारले असते, तर सहा खड्डेही टळले असते. बाणाबद्दल समितीत अजून दोन मते आहेत. जागा दाखवली नाही तर पाहुणे सडाभर फिरून अधिक तुडवतात, असे वाटाडे म्हणतात. दाखवली तर काय होते, ते आम्ही पाहिले. सध्या बाण काढला आहे आणि पावसाळ्यात वाटाड्याशिवाय सड्यावर जाऊ नये, अशी पाटी लावली आहे.

चौथा फलक, पाणवठ्याजवळचा, पैसे संपल्यामुळे नव्याने छापता आला नाही. त्यावरील ‘स्थानिक’ या शब्दावर कागदाची चिठ्ठी चिकटवून ‘प्रदेशनिष्ठ’ असे हाताने लिहिले होते. आषाढात ती अर्धी सुटली आणि आता तेथे ‘प्रदेशनिक’ असा एक नवाच शब्द वाचायला मिळतो.